धुरात ठोकलेला खिळा : पिकासोच्या ‘कानवायलर’चं एक वाचन

आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागोमध्ये एक व्यक्तिचित्र आहे. उंची सुमारे एक मीटर, रुंदी पाऊण मीटरला थोडी कमी. कॅनव्हासवर तैलरंग. रंग म्हणावेत तर तपकिरी, करडा, काळा, मातकट पिवळा आणि अधूनमधून मळका पांढरा. नाव ‘दानिएल-हेन्री कानवायलर’, साल १९१०, चित्रकार पाब्लो पिकासो. शेजारची पाटी झाकली, तर यात माणूस आहे हे कळायलाच बऱ्याच जणांना वेळ लागेल. तो माणूस कोण, हे तर त्याच्या घरच्यांनाही सांगता आलं असतं की नाही, शंकाच आहे.

आपल्याकडे व्यक्तिचित्र म्हटलं की वाचनालयाच्या किंवा नगरपालिकेच्या सभागृहातली मोठाली तैलचित्रं डोळ्यांसमोर येतात. पगडी, उपरणं, हातात काठी, आणि खाली उभं राहून ‘अगदी हुबेहूब’ म्हणणारी माणसं. त्या सवयीने या चित्रासमोर गेलं की पहिला प्रश्न येतो, ‘चेहरा कुठाय?’ प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर शोधायची जी पद्धत आपण बहुतेक वेळा वापरतो, ती या चित्राच्या बाबतीत उलट्या दिशेने जाते.

हेच चित्र अभ्यासाला घ्यायचं कारण म्हणजे त्याबद्दल साक्षीपुरावा बराच आहे. ते कुठे रंगवलं, त्याआधीच्या महिन्यांत चित्रकार काय करत होता, समोरचा माणूस किती वेळा बसला, याची माहिती मिळते. चित्रकाराने पुढे सांगितलेली आठवण मिळते. आणि सहसा जे मिळत नाही तेही इथे आहे. ज्याचं चित्र काढलं त्या माणसाने या चित्रपद्धतीवर, म्हणजे वस्तू तुकड्या-तुकड्यांत मांडणाऱ्या घनवादावर (क्युबिझम), स्वतः पुस्तक लिहिलं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. हे चित्र म्हणजे पिकासोने मोडून ठेवलेला आणि आपण जुळवायचा चेहरा नव्हे. पिकासो आधी जवळजवळ माणूसच उरला नव्हता अशा रचनेपर्यंत पोचला होता. तिथून मोजक्या खुणा टाकत तो माणसाकडे परत आला. हे चित्र त्या परतीच्या वाटेवरचं आहे, आणि वाचताना आपणही तीच वाट धरायला हवी.

समोर बसलेला माणूस

कानवायलर जर्मन, ज्यू कुटुंबातला, १८८४ साली मान्हाइमला जन्मलेला. घरच्यांना त्याने पेढीच्या, शेअरबाजाराच्या धंद्यात जायला हवं होतं. लंडनच्या श्रीमंत नातलगांनी शेवटी त्याला २५ हजार फ्रँक आणि एक वर्षाची मुदत दिली : कर तुझी चित्रांची हौस, नाही जमलं तर ये परत. १९०७ मध्ये त्याने पॅरिसला २८, र्‍यू व्हिन्यों इथे साधारण चार मीटर बाय चार मीटरची जागा घेतली आणि चित्रविक्रीचं दुकान थाटलं. वय तेविशीच्या आसपास.

त्याची धंद्याची रीत वेगळी होती. १९०८ च्या नोव्हेंबरमध्ये त्याने पिकासोचा घनवादातला साथीदार चित्रकार जॉर्ज ब्राक याचं प्रदर्शन भरवलं. त्यावर समीक्षक लुई व्होसेलने ‘घना’ची टिंगल केली आणि तिथूनच घनवाद हे नाव पुढे रूढ झालं. त्यानंतर कानवायलरने प्रदर्शनं भरवणं जवळजवळ सोडूनच दिलं. जाहिरात नाही, गाजावाजा नाही. ज्या थोड्या चित्रकारांवर विश्वास होता त्यांची चित्रं तो सलग विकत घ्यायचा, प्रत्येकाचा फोटो काढून ठेवायचा, आणि ठरलेल्या चार-पाच गिऱ्हाइकांना दाखवायचा. मॉस्कोचा शुकिन, बर्नचा रुप्फ, प्रागचा क्रामार्झ ही त्यातली नावं. पिकासोला चित्र पूर्ण करून सार्वजनिक प्रदर्शनात टीकाकारांपुढे ठेवण्याची गरज पडत नव्हती, त्यामागे हा माणूस होता. पिकासोने १९१० मध्ये तीन व्यापाऱ्यांची चित्रं काढली : विल्हेल्म ऊदे, आम्ब्रुआज व्होलार आणि शेवटी शरद ऋतूत कानवायलर. तिघांतला हा सगळ्यांत तरुण, २६ वर्षांचा. पिकासो त्याच ऑक्टोबरात २९ वर्षांचा झाला.

चित्रासाठी कानवायलरने वीस ते तीस बैठका दिल्या असं सांगितलं जातं. जागा बुलव्हार द क्लिशीवरचा पिकासोचा स्टुडिओ. (चित्रांच्या व्यापाऱ्यांना बैठकांचे आकडे सांगायला आवडतं, हे खरं. व्होलारच्या सांगण्याप्रमाणे आधीच्या पिढीतला फ्रेंच चित्रकार सेझान याने १८९९ मध्ये त्याचं चित्र काढताना त्याला ११५ वेळा बसवलं, आणि तरीही चित्र पुरं झालं नाही.) पण वीस धरल्या तरी प्रश्न उरतोच. चेहरा ओळखू येणारच नसेल, तर माणसाला इतक्या वेळा समोर कशाला बसवायचं?

चित्र पाहू

वादाआधी चित्राकडे वळू. पूर्ण कॅनव्हासभर छोटे छोटे सपाट तुकडे पसरले आहेत. कुणी त्यांना पैलू म्हणतं, कुणी प्रतल. बहुतेकांच्या कडा सरळ आहेत, थोड्यांच्या वक्र. उभ्या, आडव्या आणि तिरप्या रेषांचा एक सांगाडा या सगळ्यांना धरून ठेवतो.

आता एक तुकडा नीट बघा. एका कडेला तो गडद आहे, आणि दुसऱ्या कडेकडे जाता जाता उजळत जातो. आपला डोळा लगेच म्हणतो, इथे काहीतरी वळलंय, इथे खोली आहे. मग शेजारचा तुकडा बघा. त्याचा प्रकाश भलत्याच बाजूने येतोय. म्हणजे पहिल्याने जी खोली सुचवली ती दुसऱ्याने रद्द केली. खिडकीतून येणारा एकच उजेड चित्रभर गृहीत धरला, तर काहीच जुळत नाही. घनता जाणवत राहते, पण ती कुठल्या एका वस्तूची आहे हे ठरवता येत नाही.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते चित्राची किल्ली इथे आहे : बरेच तुकडे चारही बाजूंनी बंद नाहीत. एखाद्या बाजूने कड विरून जाते आणि तो तुकडा शेजारच्यात मिसळतो. ही युक्ती सेझानची. त्याच्या निसर्गचित्रांत घराची भिंत आणि मागची टेकडी अशीच एकमेकांत उतरतात. पिकासोने ती थेट माणसाच्या अंगावर वापरली. परिणाम असा की खांदा कुठे संपतो आणि मागची भिंत कुठे सुरू होते याचा पत्ता लागत नाही. कोटाचं कापड आणि स्टुडिओतली हवा यांना एकाच प्रकारचा रंगलेप मिळाला आहे.

या सगळ्या धूसर मांडणीत काही ठिकाणी मात्र डोळा अडकतो. वर, डोक्याच्या जागी, दोन-तीन समांतर वळणदार रेषा : नीट विंचरलेल्या केसांची लाट. त्याखाली डोळ्यांची आणि नाकाची सूचना. खाली पोटाच्या जागी घड्याळाच्या साखळीचा बाक. आणि अगदी तळाशी, मध्यावर, एकमेकांत गुंफलेले हात. तुलनेने उजळ, बोटांच्या रेघांसकट. डावीकडे खाली बाटलीचा आकार आहे. डावीकडे वर पिकासोच्या संग्रहातली न्यू कॅलेडोनियाची काष्ठमूर्ती अभ्यासक ओळखतात.

हे एकदा दिसलं की आणखी एक गोष्ट कळते, आणि तिची गंमत वाटते. बैठक अगदीच पारंपरिक आहे. समोर तोंड करून खुर्चीत बसलेला सभ्य गृहस्थ, हात मांडीवर जुळवलेले, अंगावर साखळीचं घड्याळ. हीच बैठक आपल्या सभागृहातल्या तैलचित्रांचीही आहे. एवढी मोडतोड केली, पण पिकासोने माणसाला खुर्चीवरून हलवलं नाही.

काडाकेसचा उन्हाळा

चित्राच्या आधीचे महिने लक्षात घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९१० च्या उन्हाळ्यात पिकासो स्पेनच्या कातालान किनाऱ्यावर काडाकेस या मच्छीमारांच्या गावी होता. तिथली चित्रं बघितली तर थोडं दचकायला होतं. पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात त्यातला ‘गिटारवादक’ आहे. शीर्षक नसतं तर वादकही दिसला नसता आणि गिटारही. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत एक उभी, अरुंद, माणसापेक्षा उंच ‘नग्न स्त्री’ आहे. ती म्हणजे उभ्या-तिरप्या रेषांची आणि करड्या छायांची एक चळत आहे. स्त्री असल्याची खात्री शीर्षकच देतं.

आदल्या वर्षीशी तुलना करा. १९०९ मध्ये पिकासोने त्याची तेव्हाची जोडीदार फेर्नांद ओलिव्हिए हिच्या डोक्याची जी चित्रं केली आणि जे शिल्प केलं, त्यातही पैलू आहेत. पण ते एका भरीव डोक्याच्या पृष्ठभागावर आहेत. कपाळ, गाल, मान यांना डोंगरासारखे कडे पाडले आहेत, तरी आत डोकं शाबूत आहे. त्या शिल्पाभोवती फिरता येतं. काडाकेसला नेमकं हेच गेलं. पृष्ठभाग फुटला, आत-बाहेर एक झालं. पुढे कानवायलरनेच याचं वर्णन असं केलं की त्या उन्हाळ्यात पिकासोने बंद आकार भेदला. आणि त्यानेच असंही लिहिलं आहे की पिकासो शरद ऋतूत पॅरिसला परतला तो असमाधानी होता, बरोबरची कामं अपुरी होती.

म्हणजे कानवायलर खुर्चीवर येऊन बसला तेव्हा त्याच्यासमोर उभा असलेला चित्रकार असा होता : त्याला वस्तूचा बंद आकार नको होता, पण वस्तूच नाहीशी झालेलीही परवडत नव्हती. पिकासो पूर्ण अमूर्त चित्राकडे कधीच गेला नाही. त्या टोकाच्या सगळ्यांत जवळ तो या उन्हाळ्यात पोचला, आणि तिथून मागे फिरला.

नेहमीची उत्तरं

आता ठरलेली वाक्यं तपासू. सगळ्यांत जास्त ऐकू येणारं म्हणजे, ‘घनवादी चित्रकार वस्तूभोवती फिरतो आणि अनेक बाजू एकाच वेळी दाखवतो.’ याला इतिहास आहे. १९१० च्या अखेरीस चित्रकार जां मेत्सांजेने पिकासोच्या मोकळ्या, फिरत्या दृष्टिकोनाबद्दल लिहिलं. १९१२ मध्ये त्याने आणि आल्बेर ग्लेझने घनवादावरच्या पुस्तकात वस्तूभोवती फिरून तिची अनेक रूपं टिपण्याची कल्पना मांडली. तिथून ती पाठ्यपुस्तकांत गेली, आणि मग परीक्षेत पाच गुणांना.

ती या चित्रावर लावून बघा. कानवायलरची पाठ कुठे दिसते? बाजूने पाहिलेला चेहरा कुठे आहे? डोक्याचा मागचा भाग? एकही तुकडा बोटाने दाखवून ‘हा डावीकडून पाहिलेला, हा उजवीकडून’ असं सांगता येत नाही. बाजूच सांगता येत नसेल तर ‘अनेक बाजू’ हे स्पष्टीकरण काय कामाचं? उलट जे काही ओळखू येतं ते सगळं समोरून पाहिलेलं आहे. केस, डोळे, साखळी, हात, सगळं. १९०९ च्या डोक्यांबद्दल ते वाक्य काही अंशी चालेल; पिकासोच्या १९३० च्या दशकातल्या चेहऱ्यांबद्दल, जिथे समोरचा आणि बाजूचा चेहरा खरंच एकत्र येतो, तिथे ते फारच छान चालतं. या चित्रावर मात्र ते चिकटवलेलं आहे. आईन्स्टाईन आणि चौथी मिती यांना या चर्चेत ओढणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. त्यांनीही तो तुकडा दाखवावा, एवढंच.

दुसरं वाक्य मनाचं. ‘आधुनिक माणूस आतून तुटलेला आहे, म्हणून चित्रकाराने त्याला तुटलेला दाखवला.’ हे ऐकायला भारी वाटतं, आणि चार वर्षांनी महायुद्ध आलं हे आपल्याला माहीत असल्यामुळे भाकितासारखंही वाटतं. पण बाटलीचं काय? बाटलीही तितकीच तुटलेली आहे. मागची भिंतही. बाटलीला आधुनिक जीवनाचा ताण आला होता असं कुणी म्हणणार नाही. सगळ्या चित्राला एकच वागणूक दिलेली असताना ती एका व्यक्तीच्या मनावरची टिप्पणी ठरत नाही. शिवाय हे हात बघा : शांत, जुळवलेले. या माणसाला वेळ आहे आणि तो वाट पाहू शकतो. स्वभावाबद्दल चित्र काही सांगत असेल तर ते इथे सांगतं, तुकड्यांत नाही.

तिसरं वाचन कोड्याचं. ते सगळ्यांत प्रामाणिक असतं, कारण ते पाहणाऱ्याला आपसूक सुचतं. चेहरा लपवलाय, शोधा. यात अडचण अशी की कोड्याला उत्तर असतं आणि उत्तर मिळालं की कोडं संपतं. इथे केस, साखळी, हात सापडल्यावर उरलेला नव्वद टक्के कॅनव्हास तसाच राहतो. त्यात आणखी काही सापडत नाही, आणि सापडायचंही नाही.

खुणा कशा काम करतात

फ्रान्स्वाज जिलो १९४० च्या दशकात पिकासोबरोबर राहत होती. तिने पुढे आठवणींत या चित्राबद्दल पिकासोचं म्हणणं नोंदवलं आहे. त्याचा मथितार्थ असा : पहिल्या अवस्थेत हे चित्र धूर होऊन उडून जाईल असं त्याला वाटलं; पण आपण धूर रंगवला तरी त्यात खिळा ठोकता आला पाहिजे. म्हणून मग त्याने डोळ्यांची सूचना, केसांची लाट, कानाची पाळी, जुळवलेले हात अशा खुणा घातल्या. आता खिळा ठोकता येतो.

खिळा हा शब्द त्याच्या तोंडी सहज आला असेल, पण त्या काळात तो चित्रांतही होता. ब्राकने १९०९-१० च्या सुमारास ज्या व्हायोलिनच्या चित्रांमध्ये सगळं फोडून टाकलं, त्यांतल्या दोन चित्रांत वर एक खिळा रंगवला आहे. अगदी खराखुरा वाटेल असा, सावलीसकट. बाकी चित्र हवेत आहे, आणि खिळा मात्र भिंतीत.

या दृष्टीने पुन्हा चित्राकडे या. मोबाइलच्या पडद्यावर प्रतिकृती उघडा आणि अंगठ्याने खालचे हात झाका. बघता बघता बसलेला माणूस नाहीसा होतो. उरतं ते काहीतरी उभं, ज्याला वर केसांसारखं काही आहे. आता हात उघडे ठेवून केसांची लाट झाका. माणूस बसलेला राहतो, पण डोकं पार्श्वभूमीत निघून जातं. दोन्ही झाकलं की काडाकेसच्या ‘गिटारवादका’पाशी येतो आपण. चार-पाच रेषा एवढं ओझं पेलतात.

त्या रेषा ते कशाच्या जोरावर पेलतात? केसांच्या लाटेत केसासारखं फारसं काही नाही. त्या समांतर वक्र रेषा उचलून चित्राच्या मध्यावर ठेवल्या तर गिटारच्या तारा वाटतील, तळाशी ठेवल्या तर बोटं. त्यांचे केस होतात ते जागेमुळे. खाली डोळ्यांची खूण आहे, त्याखाली साखळी, त्याखाली हात. म्हणून वरचं ते केस. साखळीचंही तसंच. एकेक खूण सुटी अर्धवट आहे, पण त्या एकमेकींना अर्थ देतात. आणि एकदा त्यांची रांग लागली की मधल्या निर्नाव तुकड्यांनाही हळूहळू कोटाचं, गळ्याचं, खुर्चीचं काम मिळू लागतं. ते काम आपण त्यांना देतो. पिकासोने फक्त शक्य करून ठेवलं आहे.

म्हणून चित्र उलगडण्याचा वेग विलक्षण आहे. माणूस एका नजरेत येत नाही. हात दिसतात, तिथून नजर वर जाते, साखळीशी थांबते, केसांपाशी पोचते, तोवर खालचे हात पुन्हा तुकड्यांत विरलेले असतात. माणूस सतत जमतो आणि सुटतो. मघाशी विचारलेल्या प्रश्नाचं, इतक्या बैठका कशाला, याचं माझं उत्तर इथे आहे. काय काढायचं हे ठरवायला समोर माणूस लागतो असं आपण मानतो. इथे काय ठेवायचं हे ठरवायला तो लागला असावा. शंभर गोष्टींतून चार निवडायच्या, आणि त्या अशा की त्यांच्याशिवाय हा माणूस बसूच शकणार नाही. कानवायलरच्या नाकाची ठेवण निवडलेली नाही, केसांचा भांग आणि हात निवडले आहेत. त्याच स्टुडिओत पिकासोने काढलेला त्याचा फोटो उपलब्ध आहे : नीटनेटका, सुटातला तरुण, धंदेवाईक टापटिपीचा. चित्रातल्या खुणाही टापटिपीच्याच आहेत.

साक्षीदाराचा हिशेब

आता माझ्याच वाचनावर संशय घ्यायला हवा. ‘बंद आकार भेदला’ हे वर्णन कानवायलरचं. खऱ्या तपशिलांच्या खुणा पाहणाऱ्याच्या स्मृतीला चालना देतात, आणि मग चित्र मनात पुरं होतं, हाही त्याचाच विचार. म्हणजे ज्याचं चित्र वाचायचं त्याच्याच चष्म्यातून मी ते वाचते आहे. हा माणूस तटस्थ होता का?

मुळीच नाही. १९१४ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा तो इटलीत सुट्टीवर होता. जर्मन नागरिक असल्यामुळे पॅरिसला परतणं अशक्य झालं, आणि र्‍यू व्हिन्योंमधला सगळा माल फ्रेंच सरकारने शत्रूची मालमत्ता म्हणून जप्त केला. हे व्यक्तिचित्रही त्यात गेलं. तो स्वित्झर्लंडला बर्नमध्ये राहिला, तत्त्वज्ञान वाचत बसला, विशेषतः कांट. तिथे त्याने घनवादावरचं पुस्तक लिहिलं. ते १९२० मध्ये जर्मन भाषेत आलं. धंदा बुडालेल्या, चित्रं हातातून गेलेल्या माणसाने आपण कशासाठी सगळं पणाला लावलं होतं याची मांडणी केली आहे. साहजिकच त्यात त्याचेच चित्रकार मध्यभागी आहेत. पिकासो आणि ब्राक पुढे, मग ग्रिस आणि लेजे हे त्याच्याकडचे दुसरे घनवादी चित्रकार. सलोनमध्ये, म्हणजे पॅरिसच्या मोठ्या सार्वजनिक प्रदर्शनांत, चित्रं मांडणारे ग्लेझ-मेत्सांजे त्याच्या लेखी गौण होते. कांटचं वाचन तर पानापानांत दिसतं. पिकासो स्टुडिओत उभा राहून असा विचार करत होता, यावर माझा विश्वास नाही.

जिलोची साक्षही निर्दोष नाही. पिकासो तिच्याशी बोलला ते चित्रानंतर तीसहून जास्त वर्षांनी, आणि तिने ते छापलं १९६४ मध्ये. पिकासोला चटकदार वाक्यांची आवड होती हे वेगळं सांगायला नको.

तरीही एका गोष्टीवर या दोन्ही साक्षी एकत्र येतात : आधी विरघळणं, मग खुणा. आणि काडाकेसची चित्रं तिसरी साक्ष देतात. त्यांना ना धंदा सावरायचा होता ना आठवण रंगवायची. त्या चित्रांत खुणा जवळपास नाहीत. महिन्या-दोन महिन्यांनी कानवायलरच्या चित्रात त्या आहेत. कानवायलरचं तत्त्वज्ञान मी बाजूला ठेवते, पण त्याने सांगितलेला क्रम मला मान्य करावा लागतो.

जप्त मालाचं पुढे काय झालं तेही सांगते. १९२१ ते १९२३ मध्ये पॅरिसच्या ओतेल द्रुओ या लिलावगृहात चार लिलावांत सरकारने तो विकला. एवढा माल एकदम बाजारात आल्यावर भाव कोसळले. पहिल्या लिलावाच्या वेळी ब्राक इतका संतापला, की लिलावाचा तज्ज्ञ म्हणून नेमलेल्या लेओन्स रोझेनबर्ग या व्यापाऱ्यावर त्याने हात टाकला. कानवायलर १९२० मध्ये पॅरिसला परतला होता. आपलंच चित्र परत विकत घेणं त्याला जमलं नाही. ते हातोहात फिरत अमेरिकेत गेलं आणि १९४८ मध्ये देणगी म्हणून शिकागोच्या संग्रहालयात आलं.

हे वाचन कुठे चालत नाही

पुढच्या काळातल्या चित्रांना ही किल्ली चांगली लागते. १९११-१२ मध्ये पिकासोने चित्रांत छापील वळणाची अक्षरं आणली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयातल्या एका चित्रात तर तळाशी लोकप्रिय गाण्यातले ‘मा जोली’ हे दोन शब्दच आहेत, आणि वर एका स्त्रीच्या जागी पुन्हा तुकड्यांची चळत. खुणेचं काम आता केसांच्या लाटेकडून अक्षरांकडे गेलं आहे.

पण त्याच वर्षीच्या व्होलारच्या चित्राला ती लागत नाही. मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयातलं ते चित्र काडाकेसला जाण्याआधी सुरू झालं होतं. १९१३ मध्ये रशियन संग्राहक इव्हान मोरोझोव्हने ते विकत घेतलं. तिथेही अंगावर, कोटावर, पार्श्वभूमीवर तेच पैलू आहेत. मात्र डोकं वेगळं आहे. भलंमोठं, टक्कल पडलेलं, पापण्या मिटलेलं, बाकी करड्या चित्रात एकट्यानेच त्वचेचा रंग घेऊन उभं. व्होलारला ज्याने फोटोत पाहिलंय तो त्याला इथे ओळखतो, आणि ते कुठल्या चार खुणांवरून नव्हे. त्या कपाळाचा भरीवपणा फुटलेला नाही, म्हणून. तिथे पिकासो अजून माणसाकडून तुकड्यांकडे निघाला होता. एकाच वर्षातली, एकाच हाताची, एकाच धंद्यातल्या दोन माणसांची ही चित्रं शेजारी ठेवून वाचायची झाली, तर दोन्हींना ‘विश्लेषणात्मक घनवाद’ हे, त्या वर्षांतल्या तुकड्या-तुकड्यांच्या घनवादाला दिलेलं, एकच लेबल लावून भागत नाही. प्रत्येकाची दिशा वेगवेगळी तपासावी लागते.